एकोणतीस तास

“एकोणतीस तास लागतात, मामा. दोनदा विमान बदलावं लागतं.”

आल्यापासून थोरल्याने हे वाक्य सातव्यांदा म्हटलं. शेजाऱ्यांनी नुसत्या माना डोलावल्या होत्या. मामा मात्र भूगोलाचे मास्तर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी खोड गेली नव्हती.

“अंतर किती?”

“तेरा हजार किलोमीटर.”

“ताशी नऊशे धरले, तर साडेचौदा तास झाले. उरलेले साडेचौदा कुठे गेले रे?”

“विमानतळांवर बसून काढले,” थोरला म्हणाला. त्याने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

पाच दिवसांपूर्वी धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा तो ऑफिसात होता. “दादा, आई गेली. किती वेळात पोचशील? थांबायचं का तुझ्यासाठी?”

त्याने कॉम्प्युटरवर पाहिलं. थेट विमान होतं, तीन तासांनी सुटणारं. चौदा तास चाळीस मिनिटं. जागाही होत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बढतीची मुलाखत होती. आठ वर्षं त्या बढतीसाठी तो झिजला होता.

“एकोणतीस तास लागतील गं,” तो बोलून गेला. “नका थांबू. उगाच हाल नकोत आईचे.”

“बरं,” ती म्हणाली होती. बस, एवढंच.

बढती मिळाली. साहेबाने अभिनंदन केलं, तेव्हा त्याला मान वर करवेना.

मामा गेल्यावर तो आईच्या खोलीत आला. बहीण कपाट उघडून आईच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“आल्यापासून तू मला एका शब्दाने काही विचारलं नाहीस,” तो म्हणाला.

“काय विचारू?”

तो पलंगाच्या कडेला बसला. मग एकदम म्हणाला, “थेट विमान होतं. दुसऱ्या दिवशी पोचलो असतो. मुलाखत होती, म्हणून खोटं बोललो मी. आणि इथे येऊन सगळ्यांना तेच सांगत सुटलोय. तोंड दाखवायची लाज वाटते गं.”

“मला माहीत होतं. ते विमान मीही बघून ठेवलं होतं.”

“मग शिव्या का नाही घातल्यास? ‘गप ये’ असं का नाही म्हणालीस? थांबला असता तुम्ही, तर आईचं तोंड तरी पाहिलं असतं मी!”

बहिणीने हातातली शाल खाली ठेवली.

“थांबणार कशाला, दादा? तुला फोन केला, तेव्हा आईला पोचवून आम्ही घरी आलो होतो. तरी विचारलं तुला. तिचं म्हणणं एकदा तरी खोटं ठरावं, म्हणून.”

“कुठलं म्हणणं?”

“शेवटच्या दिवशी मला जवळ बसवून म्हणाली, ‘सगळं उरकल्यावरच दादाला कळव. आधी कळवलंस, तर पोराला खोटं बोलावं लागेल.’”