सहाव्या वचनाच्या आधी

"सहावंच वाचा हं, माधवराव," विनोदिनीबाईंनी बजावलं.

माधवराव सावकाश उभे राहिले. रेल्वेत गार्ड म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. घाई त्यांना माहीतच नव्हती. "मधल्या डब्यातून गाडी सुटते का कधी, बाई? मी तर पूरा अध्याय वाचणार," असं म्हणून त्यांनी बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय पहिल्या वचनापासून धरला.

उज्जैनच्या त्या चिमुकल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत बुधवारच्या प्रार्थनेला सहावं वचन ठरलेलं. कशाचीही चिंता करू नका, सारं काही प्रार्थनेत देवाला कळवा. प्रथा विनोदिनीबाईंची, आणि त्या मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण. प्रथा मोडायची छाती कोणाची? सरकारी कचेरीतला जयंत ते एक वचन घडाघडा म्हणायचा आणि खाली बसायचा. पण पहिल्या नोव्हेंबरला मध्यभारत जाऊन मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे जयंतचीही बदली झाली. म्हणून आज माधवराव.

आणि आज चिंता खरीखुरी होती. प्रांत हिंदी झाला, मग एवढ्याशा लोकांसाठी मराठी उपासना वेगळी कशाला, असं मिशनच्या कमिटीला वाटू लागलं होतं. रविवारी कमिटीचे साहेब येऊन बघणार होते. आता बघणार काय, कपाळ? निम्मे बाक रिकामे. गाणं म्हणावं तर एकजण पुढे पळतोय, दुसरा मागे रेंगाळतोय, कारण तीन वर्षं पेटी बंद होती. पेटी वाजवणाऱ्या अहल्याबाई, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स, पलीकडच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

त्या आणि विनोदिनीबाई, दोघी नगरहून एकाच गाडीने इथे आल्या होत्या. एका खोलीत राहिल्या, एका चुलीवर भाकऱ्या भाजल्या. एवढी मैत्री मोडली कशावरून, तर पेटीच्या पट्टीवरून. ईस्टरला भर उपासनेत विनोदिनीबाईंचा आवाज चिरकला आणि त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पट्टी मुद्दाम चढवलीस तू." अहल्याबाईंनी पेटीवर कापड टाकलं, ते टाकलंच.

माधवराव वाचत होते. "युवदीयेला मी विनवतो, सुंतुखेलाही विनवतो, तुम्ही दोघी प्रभूमध्ये एकचित्त व्हा."

"या कोण बाया?" म्हाताऱ्या माईंनी मोठ्यानं विचारलं.

"मंडळीतल्याच असतील, माई," माधवराव म्हणाले. "भांडल्या होत्या. पत्र लिहिणारा पौल तिकडे कैदेत, तरी यांचं भांडण तिथवर पोचलं, बघा."

कोणीतरी फिसकन हसलं. सगळ्या माना आधी या टोकाला वळल्या, मग त्या टोकाला. विनोदिनीबाईंच्या कानशिलांना धग लागली. एवढी वर्षं हे पान त्यांच्या हाताखाली होतं, पण सहाव्यावर बोट ठेवायची घाई अशी की वरच्या दोन बायका त्यांनी कधी धड पाहिल्याच नव्हत्या. आता पौल या दोघींना फैलावर घेणार, असं त्यांना वाटलं.

"माझ्या खऱ्या सोबत्या," माधवरावांनी पुढे वाचलं, "तू यांना मदत कर. यांनी माझ्या बरोबरीनं कष्ट उपसले आहेत."

रागावणं नव्हतंच. कौतुक होतं. विनोदिनीबाईंना बोर्डिंगातल्या मुलींना देवी आल्या होत्या ते साल आठवलं. अहल्या एका खाटेशी, आपण दुसऱ्या खाटेशी. एकही मुलगी दगावू दिली नव्हती दोघींनी.

मग सहावं वचन आलं, आपल्या जागी, आपल्या पाळीनं. चिंता करू नका. ते ज्या घरात भांडण चालू होतं त्या घराला सांगितलेलं होतं! तीन वर्षं विनोदिनीबाई देवाकडे गाण्याचं गाऱ्हाणं नेत होत्या, आणि गाणं पलीकडच्या बाकावर बसलेलं होतं.

प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच त्या उठल्या आणि सरळ त्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहल्या, चूक माझी होती. त्या दिवशी माझाच घसा बसला होता. तू काही केलं नव्हतंस."

अहल्याबाईंनी मान वर केली. "तीन साल लागले तुला एवढं बोलायला?"

"लागले."

"आणि मी काय, लाकडाची होते? रोज वाटायचं, आज येईल." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "चल, हो बाजूला. पेटी काढू दे."

भात्याला भोक पडलं होतं. माधवरावांनी त्यावर चिंधी चिकटवली. बातमी मात्र कोणाच्या मदतीवाचून देवास गेटपासून भैरवगढपर्यंत पोचली. रविवारी जे कंटाळून यायचे थांबले होते ते सगळे आले. काही भक्तीनं आले, काही निव्वळ दोघी खरंच एकत्र बसतात का ते बघायला आले. बाक भरले, पायऱ्या भरल्या. अहल्याबाईंनी सूर धरला, विनोदिनीबाईंनी तोंड उघडलं, आणि मागून सगळी मंडळी अशी उसळली की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. साहेब पहिल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. तिसऱ्या गीताला त्यांचा पाय ताल धरू लागला.

उपासना संपल्यावर ते उभे राहिले. "हमें तो बताया गया था कि यहाँ अब कोई गाता ही नहीं. यह उपासना बंद नहीं होगी."

देवळात टाळ्या वाजवू नयेत, असा विनोदिनीबाईंचाच नियम. त्या दिवशी पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

जाता जाता साहेब पेटीपाशी थांबले. दोघी एकमेकींना खेटून, गर्दीकडे बघत हसत होत्या.

"आप दोनों सगी बहनें हैं?"

"जी हाँ," विनोदिनीबाई म्हणाल्या. "बुधवार से."