चोथा

“एवढा काढा पाजला असता तर भिंतीलाही पोर झालं असतं!” गाळता गाळता सासूबाई पुटपुटल्या. यिनफिंगने ऐकलं, वाटी उचलली आणि तो कडूजहर काढा एका दमात संपवला.

काढ्याचा चोथा रस्त्यावर टाकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवला की दुखणं त्यांच्या पावलांबरोबर निघून जातं, ही गल्लीची जुनी रीत. सासूबाई मात्र चार महिने तो पिशवीत बांधून गुपचूप कचऱ्यात टाकत होत्या. गल्लीतल्या बायका चोथ्यातली मुळी पाहून दुखणं ओळखतात ना!

आज यिनफिंग मातीचं भांडं घेऊन स्वतःच खाली उतरली आणि भर सकाळी फाटकासमोर तिने ते पालथं केलं. मागून सासूबाई चपला फटफटवत धावल्या. “अगं, लोक बघतायत!”

“बघू देत. लपवून ठेवलं तर तुडवणार कोण?”

भाजी घेऊन येणाऱ्या शन काकू थबकल्या. वाकून चोथा न्याहाळत त्यांनी डोळे मिचकावले. “ही तर बायकांची मुळी! मग, गोड बातमी कधी?”

“छे हो, तिला जरा अशक्तपणा...” सासूबाई घाईने म्हणाल्या.

“अशक्तपणा नाही, काकू,” यिनफिंग म्हणाली. “तेहतिसाव्या वर्षीच माझी पाळी गेलीय. मूल होणार नाही. वैद्यबाईंनी पहिल्याच दिवशी आईंसमोर सांगितलंय. काढा मी पिते तो मला झोप लागावी म्हणून, माझ्या अंगाची आग थांबावी म्हणून. या, तुडवा आता.”