पाण्याची नळी

कल्पनानं पदराची गाठ सोडली आणि आतला दगड विश्रामच्या मांडीवर ठेवला, तसा तो दचकला.

"मॅडमनं दिलाय," ती म्हणाली. "छातीवर धरून बसायचं म्हनं. दम लागायचा थांबतो."

अपेक्षा मॅडमचा कासार आंबोलीला बंगला होता. शनिवार-रविवारी त्या यायच्या आणि कल्पना त्यांच्याकडं धुण्याभांड्याला जायची. तिच्या नवऱ्याचं दुखणं ऐकून बाईंनी पुण्याच्या दुकानातून हा दगड मुद्दाम आणला होता. जीव लावून दिलेली वस्तू, नको कसं म्हणायचं?

दगड वीतभर होता. पांढऱ्या थरावर हिरवट, काचेसारखे खडे दाटीनं उभे होते. विश्रामनं तो उलटा केला. खालच्या अंगाला अर्धगोल खाच होती. त्यानं खाचेत अंगठा घातला. अंगठा बरोबर बसला.

"ड्रिलची हाय," तो पुटपुटला.

सोळा वर्षं तो आणि कल्पनाचा धाकटा भाऊ वाल्मीक मुळशीतल्या विहिरींच्या तळाशी ड्रिल धरून उभे राहिले होते. वाल्मीक दोन वर्षांपूर्वी याच दुखण्यानं गेला. विश्राम आता दोन उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायचा. आडवं झालं की जीव घुसमटायचा. पौडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय, ती आता निघायची नाही.

दारात दुपारचं ऊन होतं. विश्रामनं मान वर केली आणि लगेच खाली घातली.

"काय झालं?" कल्पनानं विचारलं.

"आलाय."

"कोन?"

"वाल्मीक. रोज येतो. ह्या टायमाला."

उंबऱ्याशी तो उभा होता. केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरा, जसा विहिरीतून वर यायचा तसा. नुसता बघत होता.

कल्पनानं दाराकडं पाहिलं. काहीच नव्हतं. ती खाटेवर त्याच्यामागं बसली आणि त्याची पाठ चोळू लागली.

"तुला एक सांगायचं ऱ्हायलंय," विश्राम म्हणाला. दोन शब्द बोलायचे आणि थांबायचं, असं त्याचं बोलणं झालं होतं. "आठ वर्सं झाली. ओढ्याकडच्या विहिरीत... चाळीस फुटावर ड्रिल एकदम आत गेलं. पोकळी लागली. गार वारा आला तोंडावर. वाल्मीकनं खांद्यापातुर हात घातला, आन् असले खडे भाईर काढले. हाच त्यातला आसंल आसं न्हाई. पर असलेच."

"मग?"

"पुन्याचा यापारी आला. म्हनला, ड्रिलला पानी लावू नका. गाळ आत जातो, खडं डागाळत्यात. डागाळलेला माल घेनार न्हाई."

ड्रिलच्या तोंडाशी पाण्याची बारीक नळी जोडलेली असते. पाणी पडत राहिलं की धूळ जागच्या जागी बसते. नळी काढली की ती विहिरीत भरून राहते, आणि चाळीस फूट खाली तिला माणसाच्या छातीखेरीज दुसरी वाट नसते.

"नळी मी काढली," विश्राम म्हणाला. "वाल्मीक नगं म्हनत व्हता. म्हनला, दाजी, हात दिसंना डोळ्याम्होरं, नळी लावा. मी म्हनलं, आजचा दिस काढ." तो खोकला. खोकला थांबायला वेळ लागला. "म्होरल्या विहिरीत बी खडं निघतील म्हनून तितं बी तेच. पाच वर्सं... आजचाच दिस चालला."

तिचा हात पाठीवर फिरतच राहिला. तो थांबला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"शिव्या दे. काय तरी बोल."

"मला ठाव हाय," कल्पना म्हणाली.

विश्रामला मागं वळवेना.

"त्यानंच सांगितलं. जायच्या आदल्या दिशी. आई बी व्हती तितं."

दोन वर्षं. या दोन वर्षांत तिनं त्याला उचलून मोरीत नेलं होतं, अंघोळ घातली होती, चमच्या-चमच्यानं पेज पाजली होती. औषधासाठी पौडच्या दवाखान्यात ताटकळत उभी राहिली होती. वाल्मीकची आई, त्याच्या सासूबाई, दर बाजारच्या दिवशी त्याच्यासाठी अंडी पाठवत होत्या. एका शब्दानं कुणी काही बोललं नव्हतं.

"मग माझं येवढं का केलंस?"

"वाल्मीक म्हनला, दाजी एक दिस आपनहून सांगंल. तवर त्याला जप."

आता तिचा हात थांबला. पाठीवर जिथं होता तिथंच टेकून राहिला. विश्रामनं दाराकडं पाहिलं. उंबऱ्यावर नुसतं ऊन होतं.

"आन् सांगितल्यावर?" त्यानं विचारलं.

कल्पना उठली. त्याच्या मांडीवरचा दगड उचलून तिनं फळीवर ठेवला.

"तेवढं बोलायला त्याला दम पुरला न्हाई," ती म्हणाली.