पोटातले मणी

सरावात तिघींनी हेमांगीला धरून पोटावर आपटलं, तशी कडेला बसलेली आई ताडकन उठली. मधुमेहावर उपाय म्हणून हेमांगीच्या पोटात जेलचे इवलेसे मणी बसवले होते आणि त्यांत इन्सुलिन बनवणाऱ्या जिवंत पेशी. दोन वर्षांपूर्वी अशाच पकडीत जुने मणी फुटले, पेशी मेल्या आणि तिची कबड्डी सुटली. हे नवं जेल चिवट आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. पण आपटून कोणी पाहिलं होतं?

हेमांगीने सरपटत मधली रेषा गाठली.

संध्याकाळपर्यंत दोघी मोबाइलवर साखरेचा आकडा बघत राहिल्या. तो वाढला नाही.

"टिकले गं आई!"

आईने डोळे पुसले. "तिघी अंगावर असताना रेषा गाठलीस. उद्या चौथीलाही ओढून आण."