पाट कोण उचलणार

मारुतीने उत्तरपूजेच्या अक्षता वाहिल्या, गणपतीची मूर्ती जागची जराशी हलवली. आता पाट कोण उचलणार, हे विचारणं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं.

मान थोरल्याचा, म्हणजे मारुतीचा. पण गेली काही वर्षं ठाकुर्लीच्या ह्या खोलीतून तळ्यापर्यंत गणपती न्यायचा तो धाकटा संदेश. कारण काय, तर विसर्जनाच्या दिवशी मारुतीची 'तयारी' दुपारपासूनच चालू व्हायची. संध्याकाळी ज्याला स्वतःचे पाय सांभाळता येत नाहीत, तो बाप्पाला काय सांभाळणार? एका वर्षी तर पाटासकट भर गल्लीत गुडघ्यावर बसला. नशीब, मूर्ती वाचली. तेव्हा नंदाने रस्त्यातच नवऱ्याच्या हातातला पाट काढून दिराकडे दिला, तो आजवर त्याच्याकडेच राहिला.

यंदा पाडव्यापासून मारुतीने दारूचा थेंब घेतलेला नव्हता. गटारी आली नि गेली, दहीहंडी झाली, हा बाबा लिंबू सरबत पिऊन घरी. पाट मला द्या, असं मात्र त्याने कुणाला म्हटलं नव्हतं. मागून घ्यायचा तो मान कसला? पण आतून नुसता आसुसलेला होता.

संदेशने सवयीने कमरेला पंचा बांधला, वाकला आणि मध्येच थांबून वहिनीकडे बघायला लागला. नंदा दहीपोह्यांची शिदोरी बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"भावजी, यंदा ह्यांना उचलू द्या."

मारुतीने टोपी घातली, पाट उचलला. उंबऱ्याशी आल्यावर मूर्तीचं तोंड घराकडे फिरवलं, बाप्पाला घर दाखवलं, आणि त्याचे डोळे भरून आले. चाळीतल्या बायकांनी ते पाहिलं.

गल्लीतले चार घरचे गणपती एकत्र निघाले. पुढे बेंजो, त्यापुढे नाचणारी पोरं. पाट धरणाऱ्याने नाचायचं नाही, पाट खाली टेकवायचा नाही, हा त्यांच्याकडचा नियम. नाक्यावर प्रफुल्ल आला, मारुतीचा जुना बैठकीतला दोस्त. हातात कोल्ड्रिंकची बाटली, आणि त्यात नुसतं कोल्ड्रिंक नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक. घसा सुकला असेल, म्हणाला. मारुती म्हणाला, दोन्ही हात गुंतलेत. मग मीच ओततो की तोंडात, प्रफुल्ल म्हणाला, सणासुदीला एवढ्याने काय होतंय. खोटं कशाला बोला, वास आला तसा मारुतीचा घसा ओढ घ्यायला लागला. त्याने पाट छातीशी धरला.

"नको रे. यंदा मला सगळं नीट बघायचंय."

प्रफुल्लला ह्यात हसण्यासारखं काय दिसलं कोण जाणे, पण तो हसत हसत पुढे गेला.

त्यानंतर मारुतीच्या लक्षात आलं ते वेगळंच. त्याच्या पाठीमागे, कोपरापासून वीतभर लांब, एक हात चालत होता. संदेशचा. शिवत नव्हता, पण रस्त्यात खड्डा आला की जवळ यायचा. मारुतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाट दिला तो दिला, वर राखण ठेवली होय? भांडायलाच तोंड उघडलं त्याने. पण वळून पाहिलं तर संदेशची नजर एकटक त्याच्या पावलांवर होती. तो हात पुढे आलाय हे त्याचं त्यालाही माहीत नसावं. मारुतीचा राग जागच्या जागी विरला.

"पुढे जा तू," तो म्हणाला.

"असू दे दादा, मी आहे ना."

"मी पडत नाही आज. जा, नाच जरा."

संदेशला हातांचं काय करावं ते कळेना. खिशात घातले, बाहेर काढले. मग सान्वीने, मारुतीच्या लेकीने, काकाला ओढत घोळक्यात नेलं. आधी तो नुसत्याच टाळ्या वाजवत राहिला. बेंजोवाल्याने कोकणातल्या नाचाची चाल धरली आणि त्याचे गुडघे आपोआप वाकले. एक पाऊल मागे, दोन पुढे, गिरकी. पोरं बाजूला झाली, बायका गॅलरीत आल्या. गावाकडे त्यांचे बाबा घ्यायचे तीच गिरकी, तसाच हात डोक्यावर.

मारुती रस्त्याच्या मधोमध उभाच राहिला. घरात नाचणारा कोण तर आपण, अशी त्याची इतकी वर्षं समजूत. संदेशला तो थंड्या म्हणायचा, चारचौघांत चिडवायचा, ह्याला मजा करता येत नाही म्हणून. आणि हा थंड्या आता घामाने निथळत होता, तोंडभर हसत होता. असा हसलेला भाऊ मारुतीने लहानपणानंतर पाहिलेला नव्हता.

नंदा शिदोरी घेऊन शेजारी आली होती. त्याने हळूच विचारलं, "ह्याला नाचता कधीपासून येतं?"

"पहिल्यापासून." ती समोर बघतच म्हणाली. "पण तुम्हाला धरायला एक माणूस लागायचा ना."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं.

चाल संपली तसा संदेश धापा टाकत परत आला आणि हात पुढे केले. "दे दादा, दमला असशील. आता मी घेतो."

मारुतीचे खांदे खरंच भरून आले होते. त्याने पाट आणखी घट्ट धरला.

"तळं लांब आहे अजून," तो म्हणाला. "तू नाच."