चिंचेपासून डावीकडे

पडवीत घसरून पाय मोडून बसलेल्या बायकोच्या पाठीशी उशी सरकवत रणपिसे सरांनी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला फोनवर पत्ता सांगायला घेतला. तीस वर्षं भूगोल शिकवलेला, निवृत्तीनंतर माळवाडीचा इतिहास लिहिलेला माणूस. पत्ता सांगणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ.

"चिंचेपासून डावीकडे वळा, ओढा ओलांडला की तालीम. तिच्या मागेच आमचं घर."

"काका, मी फाट्यावरच आहे. इथं चिंच कुठंय?"

"ती त्र्याऐंशीच्या वादळात पडली. ओढाही बुजवला म्हणा, त्यावर प्लॉट पाडले. तालीम मात्र..." सर अडखळले. तालमीच्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं.

"द्या इकडे." बायकोने कळ सोसत फोन काढून घेतला. "दादा, तिथल्या सलूनमध्ये विचारा, इतिहासवाल्या सरांचं घर कुठलं."

पाच मिनिटांत गाडी दारात आली. सरांची छाती फुगली. स्ट्रेचरला हात लावत त्यांनी विचारलं, "काय म्हणाला सलूनवाला?"

ड्रायव्हर चाचरला. "म्हणाला, निळं गेट. पण म्हातारा सांगायला लागला, तर टेकू नका."

अख्ख्या माळवाडीची नोंद ठेवणाऱ्या सरांना माळवाडीने आपली काय नोंद ठेवलीय ते आज कळलं. ते निमूट गाडीत चढले, बायकोचा हात हातात घेतला आणि आता जीव गेला तरी बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तेवढ्यात फाटा आला.

"इथंच बघा, ती चिंच..."

बायको पडल्यापडल्या म्हणाली, "दादा, सायरन लावा."