पत्त्यासकट नवस

रविवारी दुपारी मांजलपूरच्या फ्लॅटात इंद्रनील आईला टीव्हीवर जपानचे फोटो दाखवत होता. आभा सेव-उसळीच्या बशा घेऊन आली.

"हे शिंतो देऊळ, आई. आठशे वर्षांचं! इथे इच्छा लाकडी पाटीवर लिहून टांगायची. देव वाचतो म्हणे."

आभाने बशा ठेवल्या आणि टीव्हीकडे पाहिलं. हा मेला नवरा तिथे सारखे फोटो काढत होता, ते तिने पाहिलं होतं. पण एवढ्या जपानी पाट्यांत आपली एक कोण बघतंय, असं वाटलं होतं तिला.

"थांब, थांब, मोठं कर. अगं बाई, हे तर मराठी!" सासूबाईंनी चष्मा सावरला आणि कौतुकाने मोठ्यांदा वाचायला लागल्या. "देवा, ह्यांचा उजवा हात मोडू दे. सौ. आभा इंद्रनील, मांजलपूर, बडोदे..."

परक्या देवाचा घोळ होऊ नये म्हणून वेडीने पिनकोडसुद्धा घातला होता!

इंद्रनीलने रिमोट हळूच खाली ठेवला.

पहिल्या थपडेत तिचा ओठ फुटला. दुसरीत ती शोकेसवर आदळली, काचा खळकन फुटल्या. "माझ्या जिवावर जपान बघतेस, आणि मलाच शाप देतेस?" केस धरून त्याने तिला बेडरूमकडे फरफटत नेलं. ते दार लागलं की पुढे काय होतं, हे घरात तिघांनाही पाठ होतं. सासूबाई दर वेळी टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

आज त्यांनी रिमोटला हात लावला नाही.

आभाने जीव खाऊन हिसडा दिला. केसांचा झुपका त्याच्या मुठीत राहिला. ती एकटीच आत घुसली आणि तिने दार लोटलं. त्याने फटीत हात घातला, उजवाच. तिने सगळं अंग दारावर टाकलं. मग पुन्हा टाकलं. कडकन आवाज झाला आणि इंद्रनील गुरासारखा ओरडला.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "शुं थयुं, माजी?"

"बाथरूममध्ये घसरला," सासूबाई म्हणाल्या. आभाच्या प्रत्येक जखमेला तीन वर्षं त्यांनी हेच सांगितलं होतं.

बाहेर येऊन त्या बाकावर आभाजवळ बसल्या. पदराच्या टोकाने तिच्या ओठावरचं रक्त टिपलं.

"काय गं," त्यांनी हळूच विचारलं, "नवस फेडायला तिथे नारळ चालतो का?"